तुऱ्याची साक्ष

मी संशयी बाई आहे, हे बेरिसोत सगळ्यांना ठाऊक आहे. खाटकाने तराजू उचलला की मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. पाद्री प्रवचनात हुंदका देतो तेव्हा त्याचा रुमाल ओला झालाय का, हे बघते. माझा धाकटा भाऊ एवारिस्तो म्हणायचा, "देल्मिरा मेल्यावर स्वर्गाच्या दारात उभी राहून आधी विचारेल, पत्ता नक्की हाच ना?" हसा खुशाल. आमच्या गावात अर्धे लोक गुरं कापतात आणि उरलेले अर्धे ती डब्यांत भरतात. डब्यावर छापलेलं सगळं आत असतं, असं आमच्याकडे शेंबडं पोरही मानत नाही.

तरीही एका गोष्टीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तिचं नाव तोरोव्हिल.

काचेची छोटी कुपी, आत सोनेरी तेल, खोक्यावर शिंगं रोखलेला काळा वळू. त्याच्या खुरांखाली लिहिलेलं: वळूच्या ताज्या ग्रंथींमधलं शुद्ध पुरुषी हार्मोन. दर गुरुवारी संध्याकाळी मी सुई उकळायचे, कुपीची मान मोडायचे आणि ते तेल एवारिस्तोच्या दंडात टोचायचे. तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचा आणि काहीतरी वाह्यात शिट्टी वाजवायचा.

कारणही सांगते. युद्ध संपलं त्या वर्षी कत्तलखान्यात एक वळू डोक्यात घाव बसूनही पडला नाही. त्याने एवारिस्तोला भिंतीशी गाठलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पुरुषाला पुरुष ठेवणाऱ्या ज्या दोन गोष्टी असतात त्या वाचल्या नाहीत. अशी गोष्ट कत्तलखान्यात लपत नाही. पहिल्याच महिन्यात कोणीतरी त्याच्या कपाटावर खडूने कोंबडा काढला. आमच्याकडे नाताळसाठी कोंबडे खच्ची करून पोसतात, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याची दाढी विरळ झाली, अंग सुटलं, हिवाळ्यातसुद्धा घामाच्या लाटा यायच्या. एक दिवस तो खिशात दगड भरून नदीत शिरला. एका होडीवाल्याने त्याला केसाला धरून बाहेर काढला.

त्यानंतरच्या आठवड्यात डॉन उलीसेस पेरोने तोरोव्हिलचं पहिलं खोकं घेऊन आला. डॉन उलीसेस म्हणजे ते औषध बनवणाराच, आणि एवारिस्तोचा धर्मबाप; एवारिस्तो त्याला पाद्रिनो म्हणायचा. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातावर धरून उभा राहिलेला माणूस. कत्तलखान्याच्या मागच्या फाटकातून बादल्या भरभरून ग्रंथी न्यायच्या आणि तेलात अर्क उतरवायचा, हा त्याचा धंदा. "पोराला पैसे विचारू नकोस, पोरी," तो मला म्हणाला, "घरचंच आहे."

आणि काय सांगू, गुण आला. दुसऱ्या खोक्याच्या सुमाराला एवारिस्तोने माझ्याकडे दाढीचं पातं मागितलं. त्या दिवशी मी बाजारात गाणं म्हणत गेले. तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहू लागला. दाढी झाली की भांडं लख्ख धुऊन उपडं ठेवायचा. दुखण्याने माणूस नीटनेटका झाला, असं मी शेजारणींना सांगायचे. मग नाचाला जाऊ लागला. तिथे त्याला नेलिदा भेटली. नेलिदा कैरिस, लिथुआनियन आईबापांची लेक, डबे भरण्याच्या खात्यातली. लग्न येत्या वसंतात करायचं ठरलं.

मग सरकारी माणसं आली.

राजधानीतून नवा हुकूम निघाला होता: हार्मोनचं म्हणून जे जे विकलं जातं, ते खरंच आहे का ते तपासा. मोंतेव्हिदेओ रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानांत ते निरीक्षक शिरले, तोरोव्हिलची खोकी एकावर एक रचली आणि लाखेची मोहर मारली. नमुने तपासायला आले ते ला प्लाताच्या प्रयोगशाळेत. तिथल्या जनावरांच्या विभागात मी मदतनीस होते.

रविवारी डॉन उलीसेसच्या अंगणात मांस भाजत होतं. तो निखाऱ्यापाशी एप्रन बांधून उभा होता.

"सरकारला नवी सत्ता मिळाली की आधी लोकांच्या सदऱ्यात डोकवायचं असतं," तो म्हणाला. "हीच माणसं मोहर काढतील आणि माफी मागतील."

"आणि नाही मागितली तर?" मी विचारलं.

"तू तर तिथेच कामाला आहेस, पोरी. तूच बघशील की." तो हसला आणि बरगडीजवळचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा माझ्या ताटात टाकला.

तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. तो तुकडा डॉन उलीसेसने आजवर बिशपलासुद्धा दिला नव्हता.

घरी येताना मी एवारिस्तोला म्हटलं, "गुरुवारची काळजी करू नकोस. कपाटात अजून खोकी आहेत."

"मी कुठे काळजी करतोय?" तो म्हणाला.

काळजी मी करत होते. खरं सांगायचं तर, ते औषध पास व्हावं म्हणून मी मेणबत्ती लावली. नापास झालं तर माझा भाऊ पुन्हा नदीकडे चालू लागेल, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं वाटत होतं.

तपासणीची रीत अशी. खच्ची कोंबडा आरवत नाही, आणि त्याचा तुरा लहान आणि फिका पडतो. त्याला खरं पुरुषी हार्मोन टोचलं की तुरा वाढतो, लाल होतो. खोटं टोचलं तर तसाच राहतो. आमचे मुख्य डॉक्टर ब्राको म्हणायचे, "माणूस साक्ष फिरवतो. तुरा फिरवत नाही." एका पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना नुसतं तेल, दुसऱ्यांना सरकारने पाठवलेलं अस्सल हार्मोन, तिसऱ्यांना तोरोव्हिल. तुरे मोजायचं काम माझं.

सुरुवातीचे काही दिवस तिसऱ्या पिंजऱ्यातले तुरे मेणासारखे फिके राहिले. मी पट्टी लावायचे, आकडा लिहायचे आणि पुन्हा मोजायचे. पट्टी जरा तिरकी धरावी, असंही एकदा मनात आलं. धरली नाही.

मग एका सकाळी तो पिंजरा उघडा सापडला. रानमांजराने एकही पक्षी शिल्लक ठेवला नव्हता. शेजारच्या पिंजऱ्यांना ओरखडाही नाही.

"रानमांजर," डॉक्टर ब्राको म्हणाले.

"रानमांजराला कडी काढता येते का, डॉक्टर?"

"देल्मिरा, तू कडी लावायला विसरली असशील."

मी काहीही विसरत नाही. पण ते भांडण वाढवायच्या आधीच दुपारी फाटकाशी एक गाडी थांबली आणि डॉन उलीसेस टोपी हातात घेऊन उतरला. मागे खच्ची कोंबड्यांनी भरलेली खुराडी.

"ऐकलं, तुमचं नुकसान झालं," तो म्हणाला. "नाताळसाठी घेऊन ठेवले होते. विज्ञानाच्या कामी येऊ देत."

सकाळची गोष्ट, आणि याला दुपारी ला प्लातात पक्ष्यांसकट हजर राहण्याइतकी खबर? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "ज्याचं औषध त्याचेच कोंबडे? परत पाठवा."

डॉक्टर ब्राकोंनी खांदे उडवले. "वर्षभर मी पक्ष्यांसाठी अर्ज करतोय, मला पिसंसुद्धा मिळाली नाहीत. कोंबडा तो कोंबडा. त्याला काय ठाऊक आपला मालक कोण?" आणि एक लंगडा सोडून ते सगळे नवे पक्षी तिसऱ्या पिंजऱ्यात गेले. त्या दिवसापासून मी डॉक्टरांच्या हातांकडेही बघू लागले, ओले झालेत का म्हणून. नवे बूट? नवं घड्याळ? काही दिसेना, त्यामुळे तर माझा संशय आणखी वाढला.

पंधरवड्यात तिसऱ्या पिंजऱ्यातले तुरे वर आले. लाल, ताठ, बघतच राहावेत असे. डॉक्टर खूश झाले. "पास होणार बहुतेक," ते म्हणाले, "वळू खरा निघाला."

मला आनंद व्हायला हवा होता. मेणबत्ती लावली होती की नाही? पण माझा स्वभाव मला सुख लागू देत नाही. ट्राममध्ये माझ्या शेजारी आतडी विकणारी चेपा बसली. मी सहज विचारलं, "मागच्या फाटकाला डॉन उलीसेसच्या बादल्या येतात का गं अजून?"

"कसल्या बादल्या? सगळा माल आता भटारखान्यांना जातो. तुझ्या त्या डॉनला मी दोन वर्षांत फाटकाशी बघितला नाही."

म्हणजे खोक्यावर वळू होता, आणि कुपीत? कुपीत शेंगदाण्याचं तेल होतं, हे नाकालाही कळत होतं. पण तेलात काही आहे की नाही, हे नाकाला कळत नाही. ते फक्त तुऱ्याला कळतं, आणि तुरा तर हो म्हणत होता.

डॉन उलीसेसच्या कोंबड्यांतला तो लंगडा तेवढा बाहेर राहिला होता. त्याला काही टोचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले टाकून दे, मी पोत्यात घालून घरी आणला होता, एखाद्या रविवारच्या रश्श्याला होईल म्हणून. अंगणात एका पायावर उड्या मारत तो आमच्या कोंबड्यांमागे लागला. तिकडे मी आधी लक्ष दिलं नाही. पण त्याचा तुरा लाल होऊ लागला. थेंबभर औषध अंगात गेलं नसताना. आणि शनिवारी पहाटे तो कुंपणावर चढून आरवला. साधंसुधं नाही, अख्खी गल्ली उठेल असं.

एवारिस्तो सकाळचा माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत दारात उभा होता. "बाई," तो म्हणाला, "तुझा खच्ची आरवतोय."

तो हसला नाही. मीही हसले नाही. मला आधी त्या पक्ष्याचं पोट एकटीने उघडून बघायचं होतं. आत जे असेल ते त्याच्या नजरेला पडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी नेलिदा भोपळा चिरत बसली होती. मी कोंबडा सोलून मोरीपाशी नेला, तोच एवारिस्तो मागे येऊन उभा राहिला.

"दे सुरी."

"मी करते. तू जा, नेलिदापाशी बस."

"आयुष्यभर गुरं फाडली मी. कोंबडा जमणार नाही मला?"

"हात घाण होतील तुझे."

"देल्मिरा, सुरी दे."

त्याने माझ्या मुठीतून ती सोडवून घेतली. पोट उघडलं, आतडी काढली, मग दोन बोटं कण्याच्या कडेने वर सरकवली. कोंबड्याच्या ग्रंथी पोटातच, कण्याला लागून असतात, आणि त्या बोटांना कुठे काय असतं हे बघावं लागत नाही. तो थांबला. बोटं बाहेर आली तेव्हा त्याच्या तळहातावर घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरट होतं.

"उजवीकडचं काढलंय," तो म्हणाला. "डावीकडचं काढताना चिमूट ठेवलीय, आणि ती वाढलीय. म्हणून आरवत होता." त्याने तो दाणा बोटाने उलटा केला. "हा पाद्रिनोने दिलेल्यांतला?"

"हो."

"तुमच्या पिंजऱ्यात ज्यांचे तुरे वर आले, ते याचेच भाऊ?"

मला नदी दिसत होती. मी घाईघाईने म्हणाले, "एखाद्याचं तसं राहतं. कापणाऱ्याचा हात चुकतो. यावरून औषधाचं काही ठरत नाही, तुला तर गुण आलाच आहे ना, तू स्वतःच बघ—"

"देल्मिरा," तो म्हणाला, "याच्याकडे चिमूट होती म्हणून हा आरवला. माझ्याकडे तर तेवढंही नाही. मग मी कशाच्या जोरावर आरवत होतो?"

त्याने सुरी धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या खोक्यापासून माहीत आहे. घामाच्या लाटा एक दिवस थांबल्या नाहीत. उशी उलटी करून ठेवायचो."

"मग ते पातं? रोजची दाढी?"

"साबण लावायचो, साबण काढायचो. गालावर काय होतं कापायला? म्हणून तर भांडं धुऊन ठेवायचो. तू मागे येऊन त्यात बघशील, हे मला ठाऊक नव्हतं का?"

सगळ्या गावावर संशय घेतला मी. खाटकावर, पाद्र्यावर, डॉक्टरवर, कडीवर. घरातल्या माणसावर घेतला नाही.

"का पण? का केलंस हे?"

"पातं मागितलं त्या दिवशी तू गात बाजारात गेलीस. आई गेल्यापासून तुला गाताना ऐकलं नव्हतं मी." तो मोरीकडे बघत बोलत होता. "आणि नदीकडे परत गेलो नाही, ते काही तेलामुळे नाही. दर गुरुवारी तू सुई उकळत बसलेली असायचीस. बुधवारी जावंसं वाटलं तर वाटायचं, उद्या ही कोणाला टोचेल? झालं, इतकंच आहे ते. आता रडू नकोस, रस्सा खारट होईल."

मी नेलिदाकडे बघितलं. ती भोपळाच चिरत होती.

"हिला?"

"मला त्याने पहिल्याच नाचाच्या वेळी सांगितलंय," नेलिदा म्हणाली. "मी डबे भरते, देल्मिरा. लेबल वाचून मी काही घेत नाही."

सोमवारी आम्ही तिघंही ट्रामने ला प्लाताला गेलो. एवारिस्तोने तो दाणा माझ्या रुमालात बांधून आणला होता. त्याने तो डॉक्टर ब्राकोंच्या टेबलावर ठेवला आणि कोणाच्या पोटातून आला ते सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा कागदासारखा झाला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "तू मला विकला गेलेला समजत होतीस, हे मला कळत होतं. मुली, मी गाढव आहे. चोर नाही." मग त्यांनी कोट काढला आणि स्वतः एकेक पक्षी उघडायला बसले. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला चिमूट होती. हात एखाद्या वेळी चुकतो. इतका शिस्तीत चुकत नाही.

तपासणी पुन्हा झाली. या वेळी प्रत्येक कोंबडा माझ्या डोळ्यांदेखत घेतला, आणि पिंजऱ्याला कुलूप लावून किल्ली मी गळ्यात घातली. अस्सल हार्मोनच्या पिंजऱ्यात तुरे पेटले. तोरोव्हिलच्या पिंजऱ्यात मेणासारखे राहिले, नुसत्या तेलाच्या शेजाऱ्यांसारखेच.

एवारिस्तोची हकिगत ऐकल्यावर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता: "इथल्या इस्पितळात खरं औषध आहे. तुम्ही इतकी वर्षं मागितलं का नाही?"

का नाही? कारण आम्हाला ते मिळतच होतं. खोक्यावर तसं लिहिलं होतं. माझ्या भावाच्या तरुणपणाची वर्षं त्या वळूने तुडवली. पहिल्या नव्हे, या दुसऱ्या, छापील वळूने. पहिल्याला मी केव्हाच माफ केलंय. त्याला निदान मारत तरी होते.

तोरोव्हिलच्या कारखान्याला मोहर लागली त्या दिवशी अर्धं गाव रस्त्यावर होतं. निरीक्षक खोकी गाडीत भरत होते. डॉन उलीसेस दारात उभा होता, टोपी डोक्यावर, मान ताठ. कडीचं त्याने कधीच कबूल केलं नाही. एवारिस्तो दिसल्यावर मात्र त्याची मान जरा हलली.

"पोरा, तुझ्याकडून मी कधी एक पेसो तरी घेतला का?" तो म्हणाला.

"नाही, पाद्रिनो," एवारिस्तो म्हणाला. "म्हणून तर मला विचारताही आलं नाही."

डॉन उलीसेसने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते बघून मला बरं वाटलं. का वाटू नये?

गुरुवार बदलला नाही. फक्त कुपी इस्पितळाची. पहिल्या दिवशी मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली, हलवली, वास घेतला, शिक्का वाचला, पुन्हा वाचला. एवारिस्तो दंड उघडा करून बसला होता. "झालं का समाधान?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हटलं आणि टोचलं. त्याला कसं वाटतंय ते मी विचारायची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. विचारलं की तो चांगलंच सांगणार.

लग्न वसंतात झालं. दोघं पुढच्याच खोलीत राहायला लागली, त्यामुळे मोरी एकच. त्यानंतरची एक साधी मंगळवारची सकाळ. मी मोरीत गेले तर दाढीचं भांडं तसंच पडलेलं. कडेला फेस वाळलेला आणि फेसात बारीक काळं काहीतरी. मी बोट फिरवून बघितलं. बोट उजेडात नेऊन बघितलं. अंगठ्याने चोळलं. केस होते. खरखरीत, राठ, खरे केस.

मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले, "एवारिस्तो! डुकरा! हे भांडं कोण धुणार?"

तो दारात आला. हनुवटीवर पातं लागून रक्ताचा ठिपका आला होता.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "तुला तपासायला ठेवलंय."

ते भांडं त्या दिवशी कोणीच धुतलं नाही.